२१४७४८३६४७: कॉम्प्युटरची मोजणी जिथे संपते, ती मूळ संख्या

१९ जानेवारी २०३८, मंगळवार. भारतीय वेळेनुसार सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं आणि ७ सेकंद. जगभरातल्या सॉफ्टवेअर इंजिनियर्सना ही वेळ पाठ आहे. कारण तोवर दुरुस्ती झाली नाही, तर काही जुन्या यंत्रणांचं घड्याळ त्यानंतर पुढच्या सेकंदावर न जाता थेट डिसेंबर १९०१ मध्ये जाईल.

या गोंधळाच्या मुळाशी एक संख्या आहे: २१४७४८३६४७. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम देऊन लिहिली तर २,१४,७४,८३,६४७. म्हणजेच दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस.

कॉम्प्युटर जन्माला येण्याच्या दीडशेहून अधिक वर्षं आधीच गणितज्ञांनी हिचा कसून अभ्यास केला होता. ही मूळ संख्या आहे हे १७७२ पर्यंत सिद्ध झालं होतं. पुढे १८११ मध्ये एका गणितज्ञाने अशा संख्यांचा काही उपयोग नाही, असंही लिहून ठेवलं. आज तीच संख्या डेटाबेस, घड्याळं आणि मोजकांची सीमा बनली आहे.

ही संख्या एवढी खास का आहे आणि कॉम्प्युटर नेमका इथेच का अडतो, हे समजून घेऊया.

ही संख्या येते कुठून?

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट अनेकांनी ऐकली असेल. पहिल्या घरात तांदळाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं प्रत्येक घरात दुप्पट करत जायचं. अशी पहिली ३१ घरं भरली की पटावर एकूण २,१४,७४,८३,६४७ दाणे होतात.

हीच गोष्ट गणिताच्या भाषेत सांगायची तर ही संख्या म्हणजे २ चा ३१वा घात उणे १. दोनला दोनने गुणत एकूण ३१ वेळा २ घेतले की २,१४,७४,८३,६४८ मिळतात. त्यातून एक वजा केला की आपली संख्या.

आपण रोज वापरतो त्या दशमान पद्धतीत ही संख्या ओबडधोबड दिसते. पण कॉम्प्युटर वापरतो त्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ हे दोनच अंक वापरून लिहिली, तर ती एकदम नीटनेटकी होते: ओळीने ३१ वेळा १. मध्ये एकही शून्य नाही.

या संख्येचे पुढचे जवळजवळ सगळे गुणधर्म या एकाच रचनेतून येतात.

मूळ संख्या म्हणजे काय, आणि ही मूळ असेल असं का वाटलं?

१ पेक्षा मोठ्या ज्या संख्येला १ आणि ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही संख्येने पूर्ण भाग जात नाही, ती मूळ संख्या. २, ३, ५, ७, ११ या मूळ संख्या. १५ ही मूळ नाही, कारण ती ३ × ५ आहे. अशा संख्येला संयुक्त संख्या म्हणतात.

२१४७४८३६४७ वर शाळेतल्या कसोट्या लावून बघा. शेवटचा अंक ७, म्हणजे २ किंवा ५ ने भाग जाणार नाही. अंकांची बेरीज ४६, म्हणजे ३ ने भाग जाणार नाही. पण एवढ्याने ती मूळ ठरत नाही. हजारो संभाव्य विभाजक अजून शिल्लक आहेत.

इथे ओळीने येणारे १ मदतीला येतात. समजा, असे सहा १ आहेत: १,११,१११.  त्यांचे दोन-दोनचे तीन गट पाडता येतात. त्यामुळे या संख्येला ११ ने भाग जातो: १,११,१११ = ११ × १०,१०१. हे दशमान पद्धतीतही खरं आहे आणि द्विमान पद्धतीतही. द्विमान पद्धतीत हे गणित ६३ = ३ × २१ असं होतं.

म्हणजेच, जितके १ आहेत त्यांचे समान गट पाडता आले, तर ती संख्या हमखास संयुक्त असते. ३१ ही स्वतः मूळ संख्या आहे. त्यामुळे ३१ वेळा आलेल्या १ चे असे समान गट पडत नाहीत आणि संख्या मूळ असण्याची शक्यता उरते.

पण ती फक्त शक्यता असते. ११ हीदेखील मूळ संख्या आहे. तरीही ओळीने अकरा वेळा १ लिहिल्यावर होणारी द्विमान संख्या, म्हणजे २,०४७, मूळ नाही. ती २३ × ८९ आहे. त्यामुळे प्रत्येक संख्या स्वतंत्रपणे तपासावी लागते.

मेर्सेन यांचं नाव का जोडलं गेलं?

२ चा कोणताही घात उणे १ अशा रूपातल्या मूळ संख्यांना मेर्सेन मूळ संख्या म्हणतात. सतराव्या शतकातले फ्रेंच धर्मगुरू आणि गणितज्ञ मारँ मेर्सेन यांच्यावरून हे नाव पडलं. २५७ पर्यंतचे कोणते घात घेतले की मूळ संख्या मिळते, याची यादी त्यांनी १६४४ मध्ये प्रसिद्ध केली. त्या यादीत ३१ होता. पण यादी पूर्ण बरोबर नव्हती. ६७ आणि २५७ हे त्यातले घात चुकीचे होते, तर ६१, ८९ आणि १०७ हे राहून गेले होते.

त्याआधी इटलीतल्या बोलोन्याचे गणितज्ञ पिएत्रो कताल्दी यांनी १७ आणि १९ या घातांच्या संख्या मूळ असल्याचं पडताळून दाखवलं होतं. त्यापुढे २३, २९, ३१ आणि ३७ हे घात घेतले तरी मूळ संख्याच मिळतात, असा त्यांचा दावा होता.

हा दावा एकेक करून कोसळत गेला. पिएर द फर्मा यांनी १६४० मध्ये दाखवलं की २३ व्या घाताच्या संख्येला ४७ ने आणि ३७ व्या घाताच्या संख्येला २२३ ने भाग जातो. पुढे लिओनार्ड ऑयलर यांनी २९ व्या घाताच्या संख्येला २३३ ने भाग जातो हे दाखवलं. चारपैकी तीन दावे खोटे ठरले. उरला फक्त ३१.

ऑयलर यांनी ही मूळ संख्या आहे हे कसं सिद्ध केलं?

स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले ऑयलर तेव्हा रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये राहत होते. १७७२ मध्ये त्यांनी गणितज्ञ बर्नुली यांना पत्रातून कळवलं की २१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे. त्या वेळी ऑयलर यांची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेली होती.

कोणतीही संख्या मूळ आहे का हे तपासताना तिच्या वर्गमूळापर्यंतचेच विभाजक तपासावे लागतात. कारण संख्या दोन संख्यांचा गुणाकार असेल, तर त्यातली एक वर्गमूळापेक्षा मोठी असू शकत नाही. २१४७४८३६४७ चं वर्गमूळ ४६,३४० आणि ४६,३४१ यांच्या मध्ये आहे. ४६,३४० पर्यंत सुमारे ४,८०० मूळ संख्या आहेत. हाताने एवढे भागाकार करायचे म्हणजे महिनोन्महिन्यांचं काम.

ऑयलर यांनी आधी चाळणी लावली. ती कशी काम करते हे २,०४७ च्या छोट्या उदाहरणावरून पाहू. २,०४७ ला २३ ने भाग जातो. आता १ पासून दुप्पट करत जायचं आणि दर वेळी २३ ने भागून बाकी लिहायची: १, २, ४, ८, १६, ९, १८, १३, ३, ६, १२ आणि पुन्हा १. बरोबर ११ पायऱ्यांनी चक्र पूर्ण झालं.

२३ ने भागल्यावर शून्य सोडून एकूण २२ वेगवेगळ्या बाक्या येऊ शकतात. दुप्पट करत जाण्याच्या या खेळात त्या सगळ्या अकरा-अकराच्या समान चक्रांमध्ये वाटल्या जातात. म्हणजे २२ ला ११ ने भाग जायलाच हवा.

आपल्या संख्येच्या बाबतीत हे चक्र ३१ पायऱ्यांचं असतं. त्यामुळे तिला एखादा मूळ विभाजक असेलच, तर त्यातून १ वजा केल्यावर येणाऱ्या संख्येला ३१ ने भाग जायला हवा. शिवाय विभाजक विषम असणार, म्हणजे १ वजा केल्यावर २ नेही भाग जाणार. थोडक्यात, विभाजक ६२ च्या पाढ्यातल्या संख्येपेक्षा १ ने मोठा असायलाच हवा. या एका नियमाने बहुतेक उमेदवार बाद होतात.

दुसरी चाळणी अशी की विभाजकाला ८ ने भागल्यावर बाकी फक्त १ किंवा ७ येऊ शकते. वर आलेले २३, ८९, ४७, २२३ आणि २३३ हे विभाजक घेऊन हा नियम तुम्ही पडताळून पाहू शकता.

दोन्ही चाळण्या एकत्र केल्या की दोनच प्रकारच्या संख्या उरतात. एक, २४८ च्या पटीपेक्षा १ ने मोठ्या. दुसऱ्या, २४८ च्या पटीपेक्षा ६३ ने मोठ्या. ४६,३४० पर्यंत अशा संख्या फक्त ३७३ आहेत. त्यातल्या ६३ सारख्या संयुक्त संख्या आधीच वगळता येतात. उरलेल्या मूळ संख्यांनी भाग देऊन पाहिला आणि एकानेही तो गेला नाही. निकाल लागला: २१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे.

मेर्सेन मूळ संख्यांमध्ये तिचा क्रमांक आठवा. त्या वेळी माहीत असलेली ती सर्वांत मोठी मूळ संख्या होती आणि हा मान तिच्याकडे अनेक दशकं राहिला.

तिची आणखी एक गंमत आहे. तिचा घातांक ३१ हा स्वतःच मेर्सेन मूळ संख्या आहे, कारण ३१ म्हणजे २ चा ५वा घात उणे १. अशा दुहेरी मेर्सेन मूळ संख्या आजवर फक्त चार सापडल्या आहेत: ७, १२७, २१४७४८३६४७ आणि २ चा १२७वा घात उणे १.

परिपूर्ण संख्या आणि चुकलेलं भाकीत

६ ला १, २ आणि ३ ने भाग जातो आणि १ + २ + ३ = ६. २८ चंही तसंच: १ + २ + ४ + ७ + १४ = २८. ज्या संख्येच्या स्वतःखेरीज सर्व विभाजकांची बेरीज तिच्याएवढीच येते, तिला परिपूर्ण संख्या म्हणतात.

युक्लिडने दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी दाखवलं होतं की प्रत्येक मेर्सेन मूळ संख्येपासून एक परिपूर्ण संख्या तयार होते. त्यासाठी त्या मूळ संख्येला एका पायरीने लहान असलेल्या २ च्या घाताने गुणायचं. ३ × २ = ६, ७ × ४ = २८. सर्व सम परिपूर्ण संख्या याच मार्गाने मिळतात, हे पुढे ऑयलर यांनी सिद्ध केलं.

२१४७४८३६४७ ला २ च्या ३०व्या घाताने गुणलं की आठवी परिपूर्ण संख्या मिळते: २३०५८४३००८१३९९५२१२८. एकूण १९ अंक.

इंग्लंडचे गणितज्ञ पीटर बार्लो यांनी १८११ मध्ये अंकशास्त्रावरच्या आपल्या पुस्तकात या संख्येची नोंद घेतली. याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणार नाही, असं त्यांचं मत होतं. कारण अशा संख्या फक्त कुतूहलाच्या आहेत, त्यांचा उपयोग काही नाही, मग पुढची शोधायचे कष्ट कोण घेईल?

पण कष्ट घेणारे निघाले. फ्रान्सच्या एदुआर ल्युकास यांनी १८७६ मध्ये २ चा १२७वा घात उणे १ ही ३९ अंकी संख्या मूळ असल्याचं सिद्ध केलं. तिच्यापासून तयार होणारी परिपूर्ण संख्या अर्थातच कितीतरी मोठी होती. हा शोध अजूनही चालू आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ५२व्या मेर्सेन मूळ संख्येत ४,१०,२४,३२० अंक आहेत. आणि उपयोग नाही या मताला कॉम्प्युटरने उत्तर दिलं.

कॉम्प्युटर याच संख्येपाशी का थांबतो?

कॉम्प्युटर संख्या साठवतो तेव्हा तिच्यासाठी ठरावीक जागा राखून ठेवतो. अशा एका जागेला बिट म्हणतात. एका बिटमध्ये ० किंवा १ यांपैकी एकच अंक मावतो. १९६४ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएमच्या सिस्टिम/३६० या कॉम्प्युटरमध्ये पूर्णांकासाठी ३२ बिटची जागा होती. पुढे हेच माप सर्वत्र रुळलं.

३२ बिटमध्ये एकूण ४,२९,४९,६७,२९६ वेगवेगळ्या मांडण्या होतात. पण कॉम्प्युटरला उणे संख्याही लागतात. त्यामुळे निम्म्या मांडण्या उणे संख्यांना दिल्या जातात. उरलेल्या निम्म्यांमध्ये शून्यही बसवावं लागतं. म्हणून सर्वांत मोठी धन संख्या निम्म्यापेक्षा एकने कमी, म्हणजे २१४७४८३६४७ होते. दुसऱ्या टोकाला मात्र उणे २१४७४८३६४८ पर्यंत जाता येतं.

या पद्धतीत सर्वांत डावीकडच्या बिटची किंमत उणे २१४७४८३६४८ मानलेली असते. तो बिट ० असला आणि बाकीचे ३१ बिट १ असले की आपली संख्या तयार होते. आता तिच्यात १ मिळवला तर काय होईल?

जुन्या स्कूटरचा किलोमीटर दाखवणारा मीटर आठवा. ९९९९९ नंतर सगळे आकडे एकदम फिरून ००००० व्हायचे. इथेही हातचा एकेका बिटवरून पुढे सरकत जातो. ३१ वेळा आलेले १ शून्य होतात आणि डावीकडचा बिट १ होतो. कॉम्प्युटरच्या लेखी उत्तर येतं: उणे २१४७४८३६४८. एक मिळवला आणि सर्वांत मोठ्या संख्येची सर्वांत लहान संख्या झाली. याला इंटिजर ओव्हरफ्लो म्हणतात.

ऑयलर यांनी जिथे भागाकार थांबवले, तो ४६,३४० चा आकडा इथे पुन्हा भेटतो. ३२ बिटच्या अशा जागेत ज्या संख्येचा वर्ग मावतो, त्यातली सर्वांत मोठी संख्या ४६,३४० आहे. ४६,३४१ चा वर्ग २,१४,७४,८८,२८१ होतो आणि मर्यादा ओलांडतो.

प्रत्यक्षात असं कधी घडलं आहे का?

सर्वांत गाजलेलं उदाहरण यूट्यूबचं. दक्षिण कोरियाचा गायक साय याच्या 'गंगनम स्टाईल' या गाण्याच्या व्हिडिओने २०१४ च्या अखेरीस ही मर्यादा गाठली. एखादा व्हिडिओ दोनशे चौदा कोटींहून जास्त वेळा पाहिला जाईल, असं सुरुवातीला कुणाला वाटलं नव्हतं. यूट्यूबच्या इंजिनियर्सना धोका आधीच लक्षात आला होता आणि त्यांनी मोजक ३२ ऐवजी ६४ बिटचा केला.

दुसरं उदाहरण जास्त गंभीर आहे. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेने २०१५ मध्ये बोईंग ७८७ विमानांसाठी एक आदेश काढला. विमानाची वीजयंत्रणा सलग २४८ दिवस सुरू राहिली, तर जनरेटर नियंत्रित करणाऱ्या यंत्रांमधला सॉफ्टवेअर मोजक ओसंडू शकतो आणि विमानातला वीजपुरवठा बंद पडू शकतो, असा तो इशारा होता. उपाय म्हणून ठरावीक मुदतीत वीजयंत्रणा बंद करून पुन्हा सुरू करायला सांगितलं गेलं.

२४८ दिवसच का? सेकंदाचा शंभरावा भाग हे एकक धरून मोजलं, तर ३२ बिटचा असा मोजक २४८ दिवस आणि सुमारे १३ तासांत भरतो. त्यामुळे या बिघाडामागे हीच संख्या असावी, असा निष्कर्ष अनेक तंत्रज्ञांनी काढला.

२०३८ मध्ये काय होणार आहे?

युनिक्स आणि त्याच्या धर्तीवरच्या यंत्रणा वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, जागतिक प्रमाणवेळेनुसार. तेव्हापासून किती सेकंद झाले, एवढा एकच आकडा त्या साठवतात. तारीख, महिना, वर्ष हे सगळं त्या आकड्यावरून काढलं जातं.

हा आकडा ३२ बिटमध्ये साठवला असेल, तर २१४७४८३६४७ सेकंद, म्हणजे ६८ वर्षांहून थोडा जास्त काळ मोजता येतो. ती मुदत १९ जानेवारी २०३८ रोजी संपते. त्यापुढच्या सेकंदाला आकडा उणे होतो आणि घड्याळ १९७० च्या मागे तेवढंच जातं. तारीख येते १३ डिसेंबर १९०१. भारतीय वेळेनुसार ती १४ डिसेंबरची पहाट असते.

वर्ष २००० च्या आधी वायटूकेची अशीच चर्चा झाली होती. तेव्हा अडचण होती ती वर्ष दोनच अंकांत लिहिण्याच्या सवयीची. इथे अडचण आकडा साठवण्याच्या जागेची आहे.

याचा फटका बसायला २०३८ उजाडण्याची गरज नाही. १५ किंवा २० वर्षांच्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता, दीर्घ मुदतीचा विमा, निवृत्तिवेतनाचा हिशेब यांत पुढच्या तारखा आजच काढाव्या लागतात. त्या काढणारं सॉफ्टवेअर वेळ ३२ बिटमध्ये ठेवत असेल, तर चूक आजही होऊ शकते.

दुरुस्तीचं काम बऱ्याच अंशी झालं आहे. नव्या लॅपटॉप आणि फोनमध्ये वेळ ६४ बिटमध्ये मोजली जाते. लिनक्सच्या ३२ बिटच्या यंत्रणांसाठीही २०२० मध्ये आलेल्या ५.६ या आवृत्तीपासून ही सोय झाली. पण प्रोसेसर ६४ बिटचा असणं पुरेसं नाही. त्यावर चालणाऱ्या प्रोग्रॅमने किंवा डेटाबेसने तारखेसाठी ३२ बिटची जागा ठेवली असेल, तर अडचण तशीच राहते. मायएसक्यूएल या लोकप्रिय डेटाबेसमधल्या टाइमस्टॅम्प या प्रकाराची मर्यादा २०३८ चीच आहे.

खरी काळजी आहे ती एकदा बसवल्यावर वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही अशा यंत्रांची. कारखान्यातली नियंत्रण यंत्रं, मीटर, जुनी नेटवर्क उपकरणं यांच्यातलं सॉफ्टवेअर सहसा अपडेट होत नाही.

मूळ असण्याचा या मर्यादेशी संबंध आहे का?

नाही. कॉम्प्युटरची मर्यादा ३२ बिटच्या जागेमुळे ठरते. ही संख्या संयुक्त असती तरी मोजणी तिथेच थांबली असती. १६ बिटच्या जागेत हीच मर्यादा ३२,७६७ असते आणि ती संख्या ७ × ३१ × १५१, म्हणजे संयुक्त आहे.

पण ३२ बिटमध्ये मावणारी सर्वांत मोठी धन संख्या मूळ निघाली, या योगायोगाचा फायदा मात्र घेतला गेला. कॉम्प्युटरला गेम्ससाठी, हवामानाच्या किंवा रांगांच्या नमुन्यांसाठी यादृच्छिक, म्हणजे फासे टाकल्यासारख्या, संख्या लागतात. त्या तयार करायची एक सोपी रीत अशी: एक संख्या घ्या, तिला ठरलेल्या गुणकाने गुणा, ठरलेल्या संख्येने भागा आणि बाकी घ्या. हीच कृती पुन्हा पुन्हा करा.

भाजक मूळ असला की ही रीत छान चालते. उदाहरणार्थ, गुणक ३ आणि भाजक ७ घेतला, तर १, ३, २, ६, ४, ५ अशा सगळ्या बाक्या येऊन गेल्यावरच पुन्हा १ येतो. भाजक ८ घेतला, तर १, ३ आणि लगेच पुन्हा १.

१९६९ मध्ये सिस्टिम/३६० साठी अशीच रीत मांडली गेली. भाजक २१४७४८३६४७ आणि गुणक १६,८०७, म्हणजे ७ चा ५वा घात. १ पासून सुरुवात केली तर पुढच्या संख्या येतात १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३. १ ते २१४७४८३६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकदा येऊन गेल्याशिवाय चक्र पूर्ण होत नाही. १९८८ मध्ये संशोधक पार्क आणि मिलर यांनी किमान दर्जा म्हणून हीच रीत सुचवली. सी प्लस प्लस या भाषेच्या २०११ च्या प्रमाणित आवृत्तीतही ती आहे. मात्र पासवर्ड किंवा ओटीपीसाठी ती वापरू नये, कारण एक संख्या कळली की पुढच्या सगळ्या काढता येतात.

६४ बिटनंतर पुन्हा हीच वेळ येईल का?

६४ बिटच्या जागेत सर्वांत मोठी धन संख्या आहे ९२२३३७२०३६८५४७७५८०७, म्हणजे २ चा ६३वा घात उणे १. एवढे सेकंद मोजायला सुमारे २९,२०० कोटी वर्षं लागतील. पृथ्वीचं वय साधारण ४५४ कोटी वर्षं आहे, यावरून अंदाज येईल. घड्याळापुरता तरी हा प्रश्न कायमचा सुटतो.

ही नवी मर्यादा मूळ संख्या आहे का, हे शोधायला ऑयलर यांच्यासारख्या चाळण्या लागत नाहीत. द्विमान पद्धतीत ती ओळीने ६३ वेळा १ अशी लिहिली जाते. ६३ चे तीन-तीनचे २१ गट पडतात आणि द्विमान पद्धतीत ओळीने तीन १ म्हणजे ७. त्यामुळे नव्या मर्यादेला ७ ने नि:शेष भाग जातो. ती मूळ संख्या नाही.